विश्लेषण : जुन्या ‘पद्मिनी’तला खडखडाट कमी कसा होतो? आधी रंग की आधी पॅनेल?

मुंबईत नोंदणी झालेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदलेल्या या टॅक्सीची २० वर्षांची मुदत संपली होती. टॅक्सी गेली, तरी घरी जपलेल्या पद्मिनी, तिच्या आधीच्या फियाट ११०० आणि ॲम्बॅसॅडर पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्या हौशी मंडळींची कमी नाही. इंजिन बांधून होते, डेंटिंग-पेंटिंग होते आणि पहिल्याच फेरीत लक्षात येते की शेजारच्याशी बोलायलाही आवाज चढवावा लागतो. मग ‘साउंड डेडनिंग पॅनेल’ लावून घेण्याचा, गॅरेजच्या भाषेत ‘डॅम्पिंग’ करून घेण्याचा विषय निघतो. चिकट शीट पत्र्यावर लावायची एवढेच काम, असे वाटते. पण त्याचा क्रम चुकला तर काही पावसाळ्यांतच शीटखालचा पत्रा सडू लागतो आणि गालिचा उचलला तरी ते दिसत नाही.

जुन्या गाडीत इतका आवाज का येतो?

वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली. याच गाडीला १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. १०८९ सीसीचे कार्बोरेटर इंजिन आणि सुमारे ९०० किलो वजन असा तिचा संसार. तिला जीपसारखी वेगळी चासी नाही. फ्लोअर, खांब, छप्पर आणि दाराखालचे उंबरे मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांकडून येणारे हादरे थेट पत्र्यात उतरतात. फ्लोअर, दार आणि छताचे मोठे सपाट भाग मग ढोलाच्या कातड्यासारखे थरथरतात.

त्या काळी आवाज रोखण्याचे उपाय मर्यादित होते. फ्लोअरवर डांबरयुक्त थर, त्यावर तागाचे किंवा चिंध्यांचे जाड फेल्ट आणि वर रबरी मॅट, असा साधारण प्रकार असे. आज यातले डांबर कडक होऊन तडकलेले असते आणि फेल्टने वर्षानुवर्षे ओल धरलेली असते. दारांची रबरी बीडिंग, काचेचे चॅनेल आणि इंजिनाची माउंटिंगही आखडलेली असतात.

पॅनेल नेमके काय करते?

आरतीत ताट वाजवताना कडेला बोट टेकले की नाद लगेच बसतो. डॅम्पिंग शीटचे काम या बोटाचे असते. ती बाहेरचा आवाज अडवत नाही, पत्र्याचे थरथरणे कमी करते.

आजच्या बहुतेक शीटमध्ये खाली ब्युटाइल रबराचा चिकट, लवचीक थर आणि वर ॲल्युमिनियमची फॉइल असते. पत्रा वाकला की खाली पत्रा आणि वर फॉइल यांच्या मध्ये रबराची ओढाताण होते. या ओढाताणीत कंपनांच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. ही उष्णता इतकी थोडी असते की हाताला जाणवतही नाही. नुसता जाड लेप देऊन पत्र्याची कंपने कशी विरतात याचे गणित ओबर्स्ट यांनी १९५२ मध्ये मांडले, तर वरून ताठ थर असलेल्या अशा ‘सँडविच’चे गणित केर्विन यांनी १९५९ मध्ये मांडले. फॉइल हा या रचनेतला काम करणारा भाग आहे. ती फाटली किंवा सुटली तर शीटचा उपयोग बराच घटतो.

आवाजाविरुद्ध एकूण तीन वेगळी कामे असतात. पत्र्याचे थरथरणे कमी करणे, हे पहिले. हवेतून येणारा आवाज अडवणे, हे दुसरे. त्यासाठी जड आणि सलग थर लागतो. आत शिरलेला आवाज शोषून घेणे, हे तिसरे. त्यासाठी फोम किंवा फेल्ट लागते. एकाच शीटने ही तिन्ही कामे होतील अशी अपेक्षा ठेवली की निराशा होते.

संपूर्ण पत्रा झाकावा लागतो का?

नाही. थरथर कमी करण्यासाठी मोठ्या सपाट भागाच्या मध्यावर साधारण २५ ते ३० टक्के क्षेत्र झाकले, तरी बहुतेक फायदा पदरात पडतो. कडा, घड्या आणि वेल्डिंगच्या जागा मुळातच ताठ असतात. तिथे शीट लावून हाती फारसे काही लागत नाही.

वजनाचा हिशेबही पाहावा. दोन मिलिमीटर जाडीच्या ब्युटाइल शीटचे वजन दर चौरस मीटरला तीन ते साडेतीन किलो भरते. फ्लोअर, दारे, छत आणि डिकी मिळून सहा चौरस मीटर पत्रा आहे असे धरले, तर सगळा झाकल्यास सुमारे २० किलो आणि तीस टक्के झाकल्यास सहा किलो वजन वाढते. आवाज अडवणारे जड व्हिनाइल चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास असते. तेही सगळीकडे अंथरले, तर दोन्ही मिळून जवळजवळ एक प्रवासी कायमचा गाडीत बसवल्यासारखे होते. चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीच्या इंजिनाला घाटात हा फरक जाणवतो.

पॅनेल लावण्याआधी काय तपासावे?

आधी भोके शोधावीत. फायरवॉलमधून आत येणाऱ्या वायर, स्टिअरिंग कॉलम, क्लच-ॲक्सिलरेटरचे दांडे आणि हीटरच्या नळ्या यांच्याभोवती रबरी ग्रोमेट असतात. ते गळून गेले असतील तर शीट लावून उपयोग नाही. आवाज अडवणाऱ्या भिंतीत एक टक्का जागा जरी उघडी राहिली, तरी भिंत कितीही जाड असो, एकूण अडवणूक २० डेसिबलच्या पुढे जात नाही. ही भोके बुजवण्यामागे सुरक्षेचेही कारण आहे. त्यातूनच पेट्रोलचा वास आणि सायलेन्सर गळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो.

त्यानंतर दारांची बीडिंग, त्रिकोणी काचांची रबरे, इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि सायलेन्सरचे हँगर पाहावेत. अनेक गाड्यांत निम्मा खडखडाट इथेच संपतो. उरलेल्या आवाजासाठी पत्र्यावर बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. ‘टण्ण’ असा नाद जिथे रेंगाळतो, तिथे शीट हवी. ‘थप्प’ असा आवाज आला तर तिथे गरज नाही.

डांबरी शीट स्वस्त असते, ती का नको?

छताच्या गळतीसाठी मिळणाऱ्या डांबरी चिकटपट्ट्या गाडीत लावण्याचा मोह अनेकांना होतो. दिसायला त्या ब्युटाइल शीटसारख्याच असतात. पण उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या गडद रंगाच्या छताचा पत्रा ७० अंश सेल्सिअसच्या पुढे तापतो. या तापमानाला साधे डांबर मऊ पडते, वास मारते आणि छतावरून किंवा दारावरून ओघळते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर हे पहिल्याच वर्षी होऊ शकते. थंडीत तेच डांबर कडक होते आणि कंपने जिरवण्याचा त्याचा गुण कमी होतो. ब्युटाइल या दोन्ही टोकांना अधिक टिकते.

डांबरी पॅड पूर्णपणे निरुपयोगी मात्र नाहीत. कारखान्यात ते फ्लोअरवर ठेवून गाडी रंगाच्या भट्टीतून नेली जाई. उष्णतेने पॅड वितळून पत्र्याच्या प्रत्येक खळग्यात बसे. आडव्या पत्र्यावर आणि नियंत्रित उष्णतेत ही पद्धत अनेक दशके चालली. गल्लीतल्या गॅरेजमध्ये तशी भट्टी नसते, हा खरा फरक आहे.

आधी रंग की आधी पॅनेल?

आधी वेल्डिंग, मग प्रायमर, मग सांध्यांचे सीलर, मग रंग आणि सगळ्यात शेवटी पॅनेल, असा क्रम आहे. प्रत्येक टप्प्यामागे कारण आहे.

फ्लोअरचा सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडायचा असेल, तर ते काम सर्वांत आधी व्हायला हवे. शीट लावल्यानंतर पत्र्याच्या दुसऱ्या बाजूने वेल्डिंग केले, की डांबर, फोम आणि गालिचा पेट घेऊ शकतात. जुन्या गाड्यांच्या कामात आग लागण्याचे हे एक ठरलेले कारण आहे.

उघड्या पत्र्यावर थेट शीट चिकटवणे ही दुसरी चूक. शीट म्हणजे गंजरोधक लेप, असा समज त्यामागे असतो. शीटच्या कडेने किंवा सांध्यातून पाणी आत शिरले की ते वाळत नाही आणि उघड्या पत्र्यावर गंज पसरत जातो. म्हणून पत्रा गंजमुक्त करून त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि रंगाचे संपूर्ण आवरण हवे. पत्र्याचे सांधे सीलरने बंद करून मगच रंग द्यावा.

तिसरी गोष्ट घाईची. रंग वरून कोरडा लागला, तरी आतले थिनर पूर्ण उडायला वेळ लागतो. त्याआधी हवाबंद शीट लावली तर थिनर आत अडकते, रंग मऊ राहतो आणि त्यासकट शीट सुटते. रंगाच्या डब्यावर दिलेला पूर्ण वाळण्याचा अवधी पाळावा. पावसाळी हवेत तो वाढवावा.

मग पॅनेलवर रंग मारता येतो का?

येतो, पण पॅनेल कोणते आहे त्यावर पद्धत ठरते. हा प्रश्न बहुधा डिकी, बोनेटची आतली बाजू आणि पाय ठेवण्याची जागा यांच्याबाबत येतो, कारण हे भाग गालिच्याखाली पूर्ण झाकले जात नाहीत. चंदेरी फॉइल तिथे डोळ्यात खुपते. शिवाय काही जुन्या परदेशी गाड्यांत, उदाहरणार्थ पोर्शे ३५६ मध्ये, फ्लोअरवरच्या डांबरी पॅडवर बॉडीचाच रंग मारलेला असे. तिथे पॅड रंगवणे हाच मूळ रूपाचा भाग ठरतो.

डांबरी पॅडवर थेट रंग मारला तर एनसी किंवा पीयू रंगातले थिनर डांबर विरघळवते आणि पांढऱ्या-पिवळ्या रंगावर तपकिरी डाग वर येतात. कितीही हात दिले तरी डाग पुन्हा फुटतात. त्यामुळे मध्ये अडसर घालणारा थर लागतो. शेलॅक किंवा ॲल्युमिनियम पेंट यांचा वापर त्यासाठी पूर्वीपासून होतो. तो पातळ थरांत द्यावा, वाळू द्यावा आणि मग रंगाचे हलके हात द्यावेत. एकदम ओला, जाड हात दिला तर अडसरही भिजतो.

फॉइलच्या ब्युटाइल शीटवर रंग धरत नाही, कारण फॉइल गुळगुळीत असते. ती बारीक पॉलिश पेपरने हलकेच खरवडून, पुसून, ॲल्युमिनियमवर चालणारा एच प्रायमर द्यावा. खरवडताना फॉइल फाटू देऊ नये. रंगाच्या बूथमध्ये गाडी साधारण ६० अंशांवर तापवतात. एवढ्या उष्णतेत उभ्या भागावरची हलकी शीट घसरू शकते. त्यामुळे शीटवरचा रंग हवेत वाळू देणे सुरक्षित असते.

तिसरा पर्याय पाण्यात मिसळलेल्या डॅम्पिंग लेपाचा आहे. मोटार कारखान्यांत रोबोटच्या साह्याने असा लेप फवारून भट्टीत वाळवला जातो. गॅरेजमध्ये तो ब्रशने किंवा गनने दोन-तीन पातळ थरांत देता येतो. वाळल्यावर त्यावर रंग चांगला बसतो आणि सांधे दिसत नाहीत. त्याची अडचण एकच, ती म्हणजे वेळ. दमट हवेत वरची साय धरते आणि आत लेप ओला राहतो. मुंबई-कोकणात हे काम नोव्हेंबर ते मे या काळातच करणे शहाणपणाचे.

पॅनेल लावण्याची पद्धत कशी?

सीट, गालिचे आणि दारांचे आतले पॅड काढल्यावर जुने डांबर खरवडावे लागते. त्यासाठी हीट गन आणि पत्र्याची पट्टी वापरतात. दुसरा मार्ग ड्राय आइसचा आहे. उणे ७८ अंशांचा हा घन कार्बन डायऑक्साइड डांबरावर पसरला की ते ठिसूळ होते आणि हातोडीच्या हलक्या ठोक्याने तुकड्यांत निघते. हातमोजे घालूनच तो हाताळावा आणि काम मोकळ्या हवेत करावे, कारण बंद गाडीत हा वायू साठून माणूस गुदमरू शकतो.

पॅनेल लावायचा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलकटपणा घालवावा. शीट आधी कागदावर बेतून कापावी. ती एका कडेने लावत न्यावी, म्हणजे हवा आत अडकत नाही. मग रोलरने जोर देऊन दाबावी. फॉइलवरचे नक्षीचे उंचवटे सपाट झाले की शीट पूर्ण बसली असे समजावे. फॉइलच्या कडा पात्यासारख्या असतात, त्यामुळे हातमोजे हवेतच.

आता न झाकायच्या जागा. फ्लोअरमधली पाणी जाण्याची भोके आणि त्यांची रबरी बुचे, दाराच्या तळाची छिद्रे, सीट आणि सीट बेल्टचे बोल्ट, जॅक लावण्याच्या जागा, चासी क्रमांक आणि कंपनीची पाटी या सर्वांभोवती मोकळी जागा सोडावी. दारात शीट लावताना काच पूर्ण खालीवर करून पाहावी, नाहीतर ती शीटला घासते.

शीटवर दुसरा थर फोमचा. त्यात पाणी न शोषणारा, बंद पेशींचा फोम निवडावा. साधा स्पंज किंवा कापसाचे फेल्ट फ्लोअरवर अंथरले, तर एका पावसात ते पाणी पिऊन बसते. उंबऱ्याच्या पोकळीत फुगणारा स्प्रे फोम भरणे तर पूर्णपणे टाळावे. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि सांगाड्याचा सर्वाधिक भार पेलणारा भाग आतून सडतो.

काम करणाऱ्यांची काळजी कोणती?

या कामात सर्वांत दुर्लक्षित असतो तो पेंटर. पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांच्या फवाऱ्यामुळे दमा जडू शकतो आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा साधा मास्क याला अडवत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क आणि वायुवीजन असलेला बूथ हा योग्य उपाय आहे. गाडीच्या आत वाकून डिकी किंवा फ्लोअर रंगवताना धोका आणखी वाढतो.

जुन्या रंगात शिसे आणि जुन्या डांबरी थरात ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात. त्यामुळे कोरडे घासून धूळ उडवण्याऐवजी पाणी मारून घासावे आणि निघालेला कचरा वेगळा बांधावा. गाडीत राहणाऱ्या साहित्याबाबतही एक प्रश्न दुकानदाराला विचारायला हवा. गाडीच्या आतील साहित्य किती वेगाने जळते याची मर्यादा ‘आयएस १५०६१’ हे भारतीय मानक ठरवते. त्यानुसार चाचणी झालेला फोम घ्यावा. घरातल्या गादीचा फोम गाडीत वापरू नये.

‘व्हिंटेज’ नोंदणीवर परिणाम होतो का?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम जारी केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या खासगी दुचाकी आणि चारचाकी त्यात येतात. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात आणि नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे. वाहन मूळ रूपात असावे, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट आहे. गालिच्याखालची शीट हा अशा प्रकारचा फेरफार नाही. मात्र शीट बसवण्यासाठी पत्रा कापणे, नवी भोके पाडणे किंवा चासी क्रमांक झाकणे अडचणीचे ठरू शकते. मूळ रूपाला गुण देणाऱ्या स्पर्धांत गाडी उतरवायची असेल, तर दिसणाऱ्या भागात शीट न लावणे किंवा मूळ पॅडसारखीच रंगवणे उत्तम. लावण्याआधी उघड्या पत्र्याची छायाचित्रे काढून ठेवावीत. गाडी विकताना ग्राहक हाच पुरावा मागतो.

शेवटची परीक्षा कोणती?

पाण्याची. गालिचा अंथरण्याआधी गाडीवर पाइपने दहा-पंधरा मिनिटे पाणी मारावे. विंडस्क्रीनचे रबर, दारांचे तळ, डिकीच्या कडा आणि फायरवॉल आतून टॉर्च लावून पाहाव्यात. फ्लोअरवर एक थेंब जरी दिसला, तरी आधी गळती बंद करावी आणि मगच गालिचा टाकावा. पुढे दरवर्षी पावसाळा संपला की गालिचा उचलून कडा आणि पाण्याची भोके तपासावीत.

पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला. इंजिनाचे सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत शोधून मिळूही शकतात. फ्लोअर मात्र डेंटरला हातानेच घडवावा लागतो आणि तसा हात असलेले कारागीर दिवसेंदिवस कमी होत आहेत. गाडी शांत करण्याच्या खर्चात म्हणूनच पहिला वाटा शीटखालच्या पत्र्याचा असायला हवा.